सर चंद्रशेखर वेंकट रामन

इ. स. १९१० साली सरकारी हिशेबखात्यातील एक तरुण मद्रासी अधिकारी रंगूनहून बदलून नागपुरास आला. वय अवघे एकवीस-बावीस वर्षांचे. नागपूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड ह्यांची राजधानी होते आणि असे अधिकारी येथे नित्य येत व जात. हा अधिकारीही वर्ष पुरे होण्यापूर्वीच बढती मिळून १९११ साली कलकत्त्यास निघून गेला. पुढे वीस वर्षे लोटण्याच्या आतच, १९३० साली, त्याच गृहस्थास पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानासाठी हा मान मिळविणारा आशिया खंडातील तो पहिला पुरुष होय. खापरखेड्याहून आपण ज्या नागपुरास बाजारहाटासाठी अथवा कचेरीच्या कामासाठी जातो, त्या नगराशी सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांचा एवढा तरी ऋणानुबंध आहे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

रामन ह्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील चंद्रशेखर अय्यर हे गणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांचे अध्यापक. मूल चार वर्षांचे असताना ते विशाखापट्टणम येथील महाविद्यालयात नोकरीस गेले. घरात पुस्तके होती आणि वडिलांस वीणावादनाचा नाद होता. ह्या दोन्ही गोष्टी मुलाच्या अंगी उतरल्या. विशाखापट्टणम येथील सेंट अलॉयशियस ह्या मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. नागपूरच्या सदर भागातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स ही जुनी शाळाही त्याच संघाच्या धर्मगुरूंनी काढलेली, हे येथे सहज सांगून ठेवतो. अकराव्या वर्षी ते मॅट्रिक झाले. १९०४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते पहिल्या क्रमांकाने बी. ए. झाले व पदार्थविज्ञानाचे सुवर्णपदक त्यांस मिळाले. अशा बुद्धिमान मुलास विलायतेस धाडावे असे अध्यापकांच्या मनात होते; परंतु प्रकृती इतकी अशक्त, की मद्रासच्या सिव्हिल सर्जनांनी त्यांस तेथील हवा मानवणार नाही असा अभिप्राय दिला. रामन ह्यांस ह्याचा पुढे कधी पश्चात्ताप झाला नाही. त्यांचे सारे शिक्षण व सारे मोठे संशोधन हिंदुस्थानच्या भूमीवरच झाले.

कॉलेजात असतानाच त्यांनी एक निबंध लिहिला. आयताकृती फटीतून तिरकस जाणारा प्रकाश पडद्यावर जे पट्टे उमटवितो, ते दोन्ही बाजूंस सारखे का नसतात, हा त्याचा विषय. नोव्हेंबर १९०६ मध्ये लंडनच्या एका मान्यवर शास्त्रीय मासिकात तो छापून आला. लेखकाचे वय त्या वेळी अठरा वर्षांचे होते, आणि त्या विषयात त्यांस मार्गदर्शन करणारा कोणीही नव्हता.

परंतु विद्येने पोट कसे भरावे? त्या काळी ह्या देशात संशोधन करून चरितार्थ चालविण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच. घरच्या मंडळींच्या विचाराने रामन सरकारच्या अर्थखात्याच्या परीक्षेस बसले, तीत पहिले आले, आणि १९०७ च्या मध्यास पत्नी लोकसुंदरी ह्यांच्यासह कलकत्त्यास असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. पगार उत्तम, मान मोठा, पुढची वाट आखलेली. आमच्या पालकवर्गापैकी कोणीही आपल्या मुलाच्या अशा नशिबावर संतुष्टच झाला असता. संशोधनाची हौस येथेच संपावयाची. शेकडो हुशार तरुणांची ती अशीच संपत आली आहे.

ती संपली नाही ह्याचे कारण एक पाटी. एके दिवशी ट्रामने जाताना बोबझार रस्त्यावर त्यांस एका इमारतीवर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ह्या संस्थेचे नाव दिसले. डॉक्टर महेंद्रलाल सरकार ह्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून १८७६ साली ही संस्था स्थापिली होती. दालने होती, उपकरणे होती. मात्र काम करणारे कोणी नव्हते. रामन ह्यांनी दार ठोठावले तेव्हा ते आशुतोष डे नामक सेवकाने उघडले. पुढे पंचवीस वर्षे हे आशुबाबू रामन ह्यांचे उजवे हात होऊन राहिले. ते विश्वविद्यालयाची पायरी कधी चढले नव्हते. तरी पाण्यावर थेंब वा दगड पडतो तेव्हा जो आवाज होतो त्याविषयी १९२० साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर रामन ह्यांच्या नावाशेजारी आशुबाबूंचे नाव आहे. थोर माणसांच्या चरित्रातून अशी नावे बहुधा गळतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

तेथून रामन ह्यांचा जो दिनक्रम सुरू झाला, तो असा : पहाटे साडेपाचास प्रयोगशाळा, पावणेदहास घरी येऊन जेवण, मग कचेरी, सायंकाळी पाचास कचेरीतून थेट प्रयोगशाळा, आणि रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास घर. रविवार सबंध प्रयोगशाळेत. हे एक-दोन महिने नव्हे, बदल्यांचा काळ वगळता दहा वर्षे चालले. कचेरीतील वरिष्ठांस त्यांच्या कामात उणे काढता आले नाही; उलट बढत्याच मिळत गेल्या.

मध्यंतरी रंगून व नागपूर येथे बदल्या झाल्या, वडिलांचे निधन झाले, आणि कलकत्त्याची प्रयोगशाळा दूर राहिली. सामान्य मनुष्याने अशा वेळी पुस्तके पेटीत घातली असती. रामन ह्यांनी जी साधने हाताशी होती त्यांवर काम चालविले. ताणलेली तार छेडली असता तिचा कोणता बिंदू किती हलतो, आणि जो बिंदू स्थिर दिसतो तो खरोखर स्थिर असतो काय, हा त्या दिवसांतील त्यांचा प्रश्न. १९०९ पासून १९११ पर्यंत ह्या विषयावरील त्यांचे निबंध विलायतेच्या व अमेरिकेच्या नियतकालिकांत येत राहिले. १९०९ साली त्यांनी एक लहानसा निबंध चक्क एकतारीवर लिहिला. आपल्या विदर्भात गावोगाव भजनाच्या पंगतीत जी एकतारी वाजते तीच ही. ती ऐकणारे लाखो होते. तिच्या तारेच्या कंपनाचा हिशेब मांडावा असे सुचले ते एका हिशेबनिसास.

वाद्यांचा हा नाद पुढेही सुटला नाही. तबल्याच्या पानावर मध्यभागी जी काळी शाई असते ती कशासाठी? साधे चामडे ताणून वाजविले असता मूळ स्वराबरोबर जे वरचे स्वर निघतात ते त्याच्या पूर्णांक पटीत नसतात, म्हणून आवाज नुसता धपधप येतो, सूर लागत नाही. मध्यभागी शाईचा भार दिला की ते स्वर पूर्णांक पटीत येऊन बसतात व चामड्यातून तारेसारखा गोड सूर निघतो. १९२० साली रामन व त्यांचे विद्यार्थी शिवकाली कुमार ह्यांनी ही गोष्ट दाखवून दिली. ज्या अज्ञात कारागिरांनी ही युक्ती काढली त्यांस गणित येत नसेल, परंतु कान होते.

१९१७ साली कसोटीचा प्रसंग आला. सर आशुतोष मुखर्जी ह्यांनी कलकत्ता विश्वविद्यालयात पालित अध्यासन स्थापिले होते व त्यासाठी रामन ह्यांस बोलाविले. पगार सरकारी नोकरीतल्यापेक्षा सुमारे निम्मा. अर्थखात्यात आणखी वर येण्याची संधी उघड दिसत होती. घरी संसार होता. रामन ह्यांनी नोकरीचा राजीनामा दिला व प्राध्यापकपद पत्करले. अध्यासनाच्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाने परदेशी जाऊन शिक्षण घेणे अपेक्षित होते. ही अट त्यांनी मान्य केली नाही, आणि विश्वविद्यालयाने ती त्यांच्यासाठी सोडली. स्वाभिमान कोठे संपतो व हट्ट कोठे सुरू होतो, हे त्यांच्या चरित्रात वारंवार विचारावेसे वाटते. येथे मात्र तो स्वाभिमानच होता.

आता आपण १९२१ सालाकडे वळू. ऑक्सफर्ड येथील विश्वविद्यालयांच्या परिषदेसाठी रामन प्रथमच विलायतेस गेले आणि सप्टेंबरात नारकुंडा नामक आगबोटीने परतले. वाटेत भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून ते थक्क झाले. समुद्र निळा का? त्या काळच्या थोर शास्त्रज्ञांचे, लॉर्ड रॅले ह्यांचे, मत असे होते की तो आकाशाच्या निळेपणाचे प्रतिबिंब दाखवितो. आपण सर्वांनी हे ऐकले असेल व मान डोलाविली असेल. रामन ह्यांच्या खिशात निकोलचा लोलक होता. ह्या स्फटिकातून विशिष्ट कोनाने पाहिले असता पाण्याच्या पृष्ठावरून परावर्तन पावणारा प्रकाश नाहीसा करता येतो. त्यांनी डेकवर उभे राहून तसे केले. आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले, आणि समुद्र फिका पडण्याऐवजी अधिकच निळा दिसू लागला! म्हणजे निळा रंग पाण्याच्या आतून येत होता. पाण्याचे रेणूच सूर्यप्रकाश विखुरतात, असे अनुमान त्यांनी काढले. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, हेही त्या निळाईचे मोठे कारण आहे. पण प्रतिबिंबाची कल्पना पुरेशी नाही हे त्या एका लोलकाने ठरले. बोट मुंबई बंदरात पोचली तेव्हा, २६ सप्टेंबर रोजी, त्यांनी ह्याविषयीचे पत्र नेचर साप्ताहिकाकडे पाठविले. पत्राच्या माथ्यावर मुंबई बंदराचेच नाव आहे.

विद्यार्थ्यांनी ह्याचा लहानसा पडताळा घरी घ्यावा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकावेत व अंधाऱ्या खोलीत एका बाजूने बॅटरीचा झोत सोडावा. कडेने पाहिले तर पाण्यात निळसर झाक दिसेल, समोरून दिव्याकडे पाहिले तर तो तांबूस दिसेल. चुलीचा धूर काळ्या भिंतीपुढे निळसर दिसतो तो ह्याच कारणाने. कन्हानचे पाणी पावसाळ्यात गढूळ दिसते हा मात्र मातीचा प्रताप आहे, त्याचा दोष रेणूंस देऊ नये.

ह्या प्रश्नाने रामन ह्यांस सात वर्षे सोडले नाही. पाणी, बर्फ, काच, तेले, वायू : प्रत्येक पदार्थ प्रकाश कसा विखुरतो हे ते व त्यांचे शिष्य पाहू लागले. १९२३ साली रामनाथन ह्यांस असे आढळले की विखुरलेल्या प्रकाशात अगदी मंद असा भलत्याच रंगाचा अंश असतो. पदार्थात काही मळ असावा असे वाटून त्यांनी द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले, तरी तो अंश जाईना. १९२५ साली कृष्णन ह्यांस तेच दिसले. जानेवारी १९२८ मध्ये वेंकटेश्वरन ह्यांस शुद्ध ग्लिसरिनमधून हिरवट प्रकाश मिळाला. दुसऱ्या एखाद्याने हा उपकरणाचा दोष म्हणून सोडून दिला असता. परंतु क्षकिरणांच्या बाबतीत असा बदल घडतो हे अमेरिकेच्या कॉम्प्टन ह्यांनी दाखविले होते व १९२७ साली त्यांस नोबेल पारितोषिकही मिळाले होते. मग साध्या प्रकाशाच्या बाबतीत तसे काही का नसावे? रामन ह्यांनी कृष्णन ह्यांस इतर सर्व काम बाजूस ठेवून ह्याच प्रयोगास बसविले.

प्रयोग आमच्या शाळेच्या मुलांस समजेल इतका सोपा आहे. दुर्बिणीच्या सात इंची भिंगाने सूर्याचा झोत एकवटला. त्याच्या वाटेत जांभळी-निळी काच ठेवली, म्हणजे तेवढाच रंग पुढे गेला. पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे पिवळी-हिरवी काच धरली. ती निळा रंग मुळीच येऊ देत नाही. दोन्ही काचा एकामागे एक ठेवल्या तर पूर्ण अंधार. आता निळी काच झोताच्या वाटेत आणि पिवळी डोळ्यापुढे राहू देऊन मधल्या जागी द्रवाची कुपी ठेविली. अंधारच राहावयास हवा होता. पण द्रवातून जाणाऱ्या झोताची अंधुक वाट दिसू लागली. द्रवात शिरलेल्या निळ्या प्रकाशापैकी काही अंश रंग बदलून बाहेर येत होता! साठांहून अधिक द्रव तपासले, सर्वांत तेच. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सूर्याऐवजी पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावून वर्णपटदर्शकातून पाहिले, तेव्हा मूळ रेषेच्या शेजारी नव्या रेषा स्पष्ट दिसल्या. ह्या साऱ्या साहित्यास दोन-अडीचशे रुपयांहून अधिक खर्च आला नव्हता असे सांगतात.

ह्या रेषांचा अर्थ काय? प्रत्येक रेणूभोवती विद्युत्कणांचे आवरण असते. प्रकाशलहरी ह्या आवरणास हलविते, आणि हललेले आवरण तोच प्रकाश चोहोकडे फेकते; ह्यास आपण विखुरणे म्हणतो. परंतु रेणूतील अणूही स्वस्थ नसतात. ते आपापल्या जागी ठराविक वेगाने कंप पावतात व त्यांच्याबरोबर आवरण क्षणात सैल, क्षणात घट्ट होते. त्यामुळे परतणाऱ्या प्रकाशावर त्या कंपनाचा ठसा उमटतो. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातीचे नाके असत. रेणू हा असा एक नाका समजा. कोटी प्रकाशकण आले तर त्यांतील एखादा-दुसराच जकात भरतो, आणि तेवढी शक्ती कमी होऊन त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो. क्वचित एखाद्यास उलट देणगीच मिळते व तो जांभळ्याकडे सरकतो. प्रत्येक नाक्याचा दर मात्र निराळा व ठरलेला. बेंझिनचा एक, पाण्याचा दुसरा, हिऱ्याचा तिसरा. म्हणून किती जकात गेली ते मोजले की पदार्थ कोणता, त्यातील अणू एकमेकांस कसे जोडलेले आहेत, हे त्यास न फोडता, न जाळता सांगता येते. १९६० साली लेसर निघाल्यापासून ही तपासणी फारच सुलभ झाली आहे. औषधातील भेसळ व रत्नांचा खरेखोटेपणा तिने ओळखतात, आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या अमेरिकन यानावरही तेथील खडक तपासण्यासाठी रामन ह्यांच्याच पद्धतीची उपकरणे आहेत.

दरवर्षी २८ फेब्रुवारीस, १९८७ पासून, राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतात. शाळाशाळांतून त्या दिवशी खाण्याच्या सोड्याचे ज्वालामुखी उसळतात व पुठ्ठ्याच्या पवनचक्क्या फिरतात. त्या तारखेस काय दिसले होते, हे त्याच मुलांस विचारून पाहावे.

मॉस्को येथे लँड्सबर्ग व मांडेलश्टाम ह्या दोघा रशियन शास्त्रज्ञांसही स्फटिकांत हीच घटना त्याच महिन्यात दिसली होती. परंतु त्यांचे वृत्त मागाहून प्रसिद्ध झाले, व पारितोषिक एकट्या रामन ह्यांस मिळाले. कृष्णन ह्यांच्या वाट्यास ते आले नाही, ह्याची चुटपुट अनेकांस आहे, व ती रास्त आहे. पहिल्या निवेदनावर दोघांचीही नावे होती.

१९३३ साली रामन बंगलोर येथील टाटांच्या विज्ञानसंस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी जे घडले ते झाकून ठेवणे चरित्रकारास शोभणार नाही. मुंबई विश्वविद्यालयाची बी. एस्सी. परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत ह्यांनी तेथे प्रवेशासाठी अर्ज केला. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत ह्यांच्या त्या भगिनी. वडील व चुलते त्याच संस्थेत शिकलेले. रामन ह्यांनी अर्ज नाकारला, कारण एकच : अर्जदार स्त्री होती. कमलाबाई परतल्या नाहीत. त्या बंगलोरास जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या व आपणांत कोणती उणीव आहे ते दाखवावे असा त्यांनी आग्रह धरला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अपमानकारक अटींवर : एक वर्ष उमेदवारी, आणि काम समाधानकारक ठरल्यासच मान्यता. वर्षाअखेर रामन ह्यांस ते काम मान्य करावे लागले, आणि त्यानंतर संस्थेचे दार मुलींस उघडले. कमलाबाई पुढे केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. विवाहानंतर कमला सोहोनी ह्या नावाने त्या महाराष्ट्रास परिचित आहेत. समुद्राविषयी लॉर्ड रॅले ह्यांचे मतही तपासून पाहणाऱ्या पुरुषाने स्त्रियांविषयीचे रूढ मत न तपासता खरे मानले, ह्याचे नवल वाटते. आमच्या मुलींनी हा भाग दोनदा वाचावा.

बंगलोरची वर्षे वादाची गेली. कारभारात सहकाऱ्यांशी पटले नाही, व १९३७ साली त्यांनी संचालकपद सोडले. प्राध्यापक म्हणून मात्र ते १९४८ पर्यंत राहिले. स्फटिकातील अणूंच्या कंपनाविषयी जर्मन पंडित माक्स बोर्न ह्यांच्याशी त्यांचा दीर्घ मतभेद झाला, आणि त्यात शास्त्राने कौल बोर्न ह्यांस दिला. तरी ह्याच काळात, १९३५-३६ साली, नागेंद्रनाथ ह्या तरुण गणितज्ञाबरोबर त्यांनी एक सुंदर सिद्धांत मांडला. द्रवातून अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सोडल्या असता त्या प्रकाशाचा झोत कशा फोडतात, हे त्याने समजते. रामन-नाथ सिद्धांत म्हणून तो जगभर शिकविला जातो. १९३४ साली त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापिली होती. १९४८ नंतर स्वतःच्या नावाची संशोधनसंस्था बंगलोर येथे उभारून ते हिरे, रत्ने, शिंपले, फुले ह्यांच्या रंगांचा अभ्यास करीत राहिले. १९५४ साली त्यांस भारतरत्न मिळाले.

दरवर्षी २ ऑक्टोबरास महात्मा गांधींच्या स्मरणार्थ ते आपल्या संस्थेत व्याख्यान देत. १९७० सालचे व्याख्यान त्यांचे अखेरचे ठरले. विषय होता मनुष्याचा कान : आतील शंखाकार नलिकेत स्वर कसा ओळखला जातो. एकतारीवर लिहिल्यास एकसष्ट वर्षे झाली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते आजारी पडले व २१ नोव्हेंबर १९७० रोजी पहाटे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या बागेतच दहन झाले. त्या जागी समाधी बांधलेली नाही. एक झाड लावलेले आहे.